बियाण्याला ठेवलेलं

आश्विन लागला की आमच्या घरी पहिला फोन येतो तो गवत काढणाऱ्या मामांचा. "बाई, येऊ का?" एवढंच विचारतात. त्यांचं बरोबर असतं. पाऊस सरत आलेला असतो, विळ्यांना धार लावून झालेली असते आणि साताऱ्यातल्या यच्चयावत अंगणांना दिवाळीच्या आत चकाचक व्हायचं असतं. सासूबाईंचंही बरोबर असतं. आषाढापासून मागच्या दारी माजलेलं रान त्यांनी मुकाट्यानं सोसलेलं असतं. आता सणाचे पाहुणे यायचे, चिवड्याचे पोहे उन्हात घालायचे, तेव्हा निदान डोळ्यांना जमीन दिसावी एवढीच त्यांची मागणी. मीच तेवढी आडमुठी. "आठ दिवस थांबा," म्हणते आणि आठाचे पंधरा, पंधराचा महिना करत कार्तिक गाठते.

माझं म्हणणं साधं आहे. परसदारी वर्षातली सगळ्यात जास्त कामं याच दिवसांत चाललेली असतात आणि नेमके तेव्हाच आपण विळा घेऊन उतरतो.

आमचं घर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी. मागे दगडी बांध, बांधाला लागून लिंबू, कढीलिंब, जास्वंद, एक म्हातारा प्राजक्त, आणि उरलेल्या जागेत जे उगवेल ते. या दिवसांत यवतेश्वरच्या घाटातून कासला जाणाऱ्या गाड्यांची रांग लागलेली असते. २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटातली काही ठिकाणं जागतिक वारसा म्हणून निवडली, त्यांत कासचं पठार आलं आणि गर्दी वाढली. कास बघावं, जरूर बघावं. पण आमच्या परसात दुर्मीळ म्हणावं असं काहीही नाही. आहे ते सगळं तुमच्याही घरामागे असेल, मामांचा फोन तुम्ही कधी उचलता त्यावर अवलंबून.

शरद ऋतू कवींनी फार गोड करून ठेवला आहे. चांदणं, निरभ्र आभाळ, कमळं वगैरे. प्रत्यक्षात दुपारी बारा वाजता मागच्या दारी उभं राहून दाखवावं. ढगांचं छत गेलेलं, जमीन ओली, त्यावर सरळ ऊन; खालून वाफ आणि वरून चटका. आयुर्वेदानं हा पित्त भडकण्याचा काळ मानला आहे, आणि शरद म्हणजे वैद्यांची आईच, अशी जुनी थट्टाही आहे. मोसमी वारे ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात आमच्याकडून परत फिरतात, पण जाता जाता हस्ताचा हत्ती सोंड फिरवून जातो. दिवसभर उकाडा, चारनंतर गडगडाट, तासभर धो धो, आणि रात्री पुन्हा लख्ख तारे. पहाटे लवकर उठणाऱ्याला दक्षिणेला खाली अगस्तीचा तारा दिसतो. त्याच्या उदयानं नद्यांचं गढूळ पाणी निवळतं असं जुने लोक म्हणत. ताऱ्याचा हात त्यात नसेल, पण वेळ अगदी अचूक आहे. विहिरीत बादली सोडली की कळतं.

झाडांना मात्र दिवसाच्या उन्हापेक्षा रात्र जास्त कळते. सप्टेंबरच्या २२-२३ तारखेला दिवस आणि रात्र जवळपास सारखे होतात आणि तिथून पुढे रात्र वाढू लागते. शेवंती हेच मोजत असते. रात्र पुरेशी लांबली, मध्ये उजेडानं मोडली नाही, की ती कळ्या धरते. फुलशेती करणारे याच्याच उलट करतात. भाव मिळेपर्यंत शेवंती थोपवायची असेल तर रात्री शेतात दिवे लावतात. आमच्या बांधाच्या कोपऱ्यावर रस्त्याचा नवा एलईडी दिवा लागल्यापासून त्याच्याकडे तोंड केलेली शेवंती मागे पडते, आणि हौदाच्या आड, अंधारात असलेली वेळेवर फुलते. सासूबाई म्हणतात, त्या कोपऱ्यातल्या मातीतच कस नाही. मी दोन मोसम शेणखत घालून पाहिलं. माती बिचारी चांगली आहे, तिथं रात्रच होत नाही.

प्राजक्ताच्या फुलांबद्दल मी काही बोलणार नाही, मराठीत त्यांच्यावर पुरेसं सांडून झालं आहे. फुलं वेचायला वाकलेल्या माणसानं एकदा मान वर करून फळं बघावीत एवढंच. चपटी, नाण्यासारखी, आधी पोपटी आणि मग तपकिरी. पिकली की उभी दुभंगतात, दोन कप्पे, प्रत्येकात एक बी. एकाच फांदीवर उद्याच्या कळ्या आणि पुढच्या पावसाळ्याची सोय अशी शेजारी शेजारी लटकलेली असते.

सोय हाच या दिवसांचा खरा धंदा. आपल्याकडे शरदात झाडं पानं टाकत नाहीत. ती गळती पुढे, थंडीनंतर. आत्ता पावसाळी रोपांची बी धरायची घाई असते. जूनमध्ये रुजायचं, श्रावण-भाद्रपदात फुलायचं आणि जमिनीतली ओल संपायच्या आत बी टाकून मोकळं व्हायचं. आघाडा उभाच्या उभा कणसासारखा ताठ होतो आणि जाणाऱ्या-येणाऱ्याच्या कपड्याला बी चिकटवतो. मागच्या दारी जाऊन आलेली माझी प्रत्येक साडी काठाला आघाडा घेऊन येते. कुर्डूचे गुलाबी तुरे खालून पांढरे होत जातात, म्हणजे खाली बी तयार आणि शेंड्याला अजून फुलोरा.

आणि तेरडा. तेरड्याचा रंग तीन दिवस, असं म्हणून आपण त्याला गौरीबरोबर बोळवतो. आपला त्याच्याशी संबंध तेवढाच. त्याची खरी करामत गौरी गेल्यावर सुरू होते. पानांच्या बेचक्यात लव असलेली, दोन्ही टोकांना निमुळती हिरवी बोंडं लोंबत असतात. ती फुगत जातात, हळूहळू फिकी पडतात, आणि एका सकाळी नुसतं बोट टेकवलं की आपल्याला दचकवतात. बोंडाच्या पाच फाका डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच आतल्या बाजूला वळतात, बोटाला गार ओलसर काहीतरी चाटून गेल्यासारखं वाटतं आणि काळपट बारीक बिया तडातड आजूबाजूच्या पानांवर आदळतात. नंतर तळहातावर उरते ती गोल गुंडाळलेली हिरवी साल. पाण्यानं तट्ट झालेल्या त्या सालीत ताण साठलेला असतो, तो सुटण्याची वाट पाहत. शेजारच्या मुलांना मी हा खेळ दाखवला, त्यानंतर आठवडाभर आमच्या मागच्या दाराला कडी लागली नाही. गवत काढणाऱ्या माणसानं बोंडं भरलेला तेरडा मुळासकट उपटला तर पुढच्या गौरीला तो बाजारातून आणावा लागतो, हेही मी हळूच सासूबाईंना सुनावते.

गवतालाही याच सुमारास दाणा भरतो. ठिपकेवाल्या मनोल्या चिमणीहूनही लहान. चार-पाच मिळून येतात आणि एकेक काडी वाकवून दाणे सोलतात. काडी त्यांच्या वजनानं झुकते, त्याही तिच्याबरोबर झुकतात, खाणं थांबत नाही. पावसाळा हा त्यांचा विणीचा काळ, आणि आमच्या लिंबात त्यांचं गवताचं गोल, ओबडधोबड घरटं आश्विनातही नांदतं असतं. गवताची तुर्रेदार काडी चोचीत धरून, ती मागे लांब फरफटत नेताना त्यांना पाहिलं की कळतं, पिल्लाचं खाणं आणि पिल्लाचं घर एकाच वितभर गवतातून निघतं. तेच गवत मामांच्या लेखी 'माजलेलं'.

पण उपटण्यात सगळ्यात आधी नंबर लागतो तो खुळखुळ्याचा. तागाच्या कुळातली ही पिवळ्या फुलांची रोपं आश्विनात करपल्यासारखी होतात. शेंगा वाळतात, हलवल्या की आत बिया वाजतात. बागेला शोभा आणेल असं त्यांच्यात काही उरलेलं नसतं. नेमकं तेव्हाच तिथं गिऱ्हाईक लागतं. ब्लू टायगर आणि कॉमन क्रो जातीची फुलपाखरं सकाळी दहाच्या उन्हात त्या वाळक्या देठांना लगडतात. जवळ गेलं तरी उठत नाहीत. शेजारी झेंडू भरात असतो, त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. ती तिथं मधासाठी आलेलीच नसतात. खुळखुळ्यात पायरोलिझिडिन अल्कलॉइड म्हणतात ती कडू, विषारी द्रव्यं असतात. सुकलेल्या, कुठं जखम झालेल्या भागातून ती फुलपाखरांना सहज मिळतात. फुलपाखरं पायानं खरवडतात, सोंडेनं ओलावा सोडतात आणि विरघळलेलं परत शोषून घेतात. येणारे बहुतेक नर. या द्रव्यांपासून ते मादीला भुलवणारा गंध बनवतात, आणि शिवाय अंगात विष मुरल्यावर पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. म्हणजे लग्नाची तयारी आणि संरक्षण, दोन्ही एका वाळक्या झुडपातून. हिरव्या, ताज्या रोपावर ही गर्दी मी क्वचितच पाहिली. 'वाळलंय, काढून टाका' हे वाक्य आपण किती सहज बोलतो, त्याला हे माझं उत्तर.

वाळक्या पानांचंही तसंच. इव्हिनिंग ब्राउन नावाचं एक तपकिरी फुलपाखरू संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला भिंतीकडेनं खालून उडतं. त्याच्या अळ्या गवतावर आणि भातावर वाढतात. पावसाळ्यातल्या पिढीच्या पंखांना खालच्या बाजूनं डोळ्यांसारखे ठसठशीत गोल असतात. कोरडे दिवस जवळ आले की त्याच आईबापांची पुढची पिढी वेगळ्याच वेषात निघते. गोल जवळपास पुसलेले, पंखांच्या कडा कोनदार, आणि रंग पाचोळ्याचा. एकाचा दुसऱ्यासारखा नाही, जसा पाचोळाही नसतो. अळी वाढत असताना हवा किती गरम किंवा गार होती त्यावर हा वेष ठरतो, म्हणजे कोरडा मोसम यायच्या आधीच त्याचे कपडे शिवून तयार. मग आपण काय करतो, तर पाचोळा झाडून ढीग करतो आणि पेटवतो. उरलेल्या स्वच्छ, तांबड्या जमिनीवर ते बिचारं बसलं की बुलबुलाला लांबून दिसतं.

जास्वंदीच्या आणि आघाड्याच्या मध्ये यंदा सिग्नेचर स्पायडरचं जाळं आहे. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची मोठी मादी जाळ्याच्या मध्यभागी डोकं खाली करून बसते. पाय दोन-दोन जोडून चार दिशांना पसरलेले, आणि पायांच्या रेषेतच जाळ्यावर नागमोडी जाड पांढऱ्या रेशमाची फुली. ही फुली कशासाठी यावर अभ्यासकांत दोन तट आहेत. एका तटाचं म्हणणं, ती सूर्यप्रकाशातले आपल्याला न दिसणारे किरण परतवते आणि किड्यांना भुलवते. दुसऱ्याचं म्हणणं, पक्ष्यांनी जाळ्यात शिरून ते फाडू नये म्हणून ही खूण. मी जाळ्याला फुंकर घातली की मादी सगळं जाळं इतक्या जोरात झुलवते की ती स्वतःच धूसर होते. कडेला एक मरतुकडा कोळी असतो, तो तिचा नवरा. जाळ्याचा मध्य त्याला जपून गाठावा लागतो. काही दिवसांत जवळच्या पानाआड अंड्यांची चपटी पिशवी दिसेल आणि मादी हळूहळू थकत संपेल. ती पिशवी विळ्याला दिसत नाही.

कोळ्यांच्या मागावर असणाऱ्याही आहेत. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या चौकटीत कुंभारीण माशी मातीच्या नळ्या लिंपते आहे. हौदाच्या गळतीपाशी अजून चिखल आहे तोवरच तिला बांधकाम उरकायचं. नांगी मारून लुळा केलेला कोळी आणायचा, नळीत कोंबायचा, एकावर अंडं घालायचं, असे अनेक भरले की तोंड बंद. अळी बाहेर आली की समोर ताजं खाणं तयार. सासूबाईंनी झाडूचा दांडा घेऊन ती नळी खरवडायला घेतली तेव्हा आतून सहा-सात लहान कोळी टपटप ओट्यावर पडले, न मेलेले, न हलणारे. त्या म्हणाल्या, "हिचा फराळ आपल्याआधी झाला की गं." दांडा मात्र त्यांनी ठेवून दिला.

आवाज बदलले आहेत, हे घरात बसूनही कळतं. उन्हाळ्यापासून डोकं उठवणारा कोकीळ गप्प झाला. बेडूक गप्प झाले. रात्री आता एकट्या रातकिड्यांचं राज्य. पण दिवसा दोन नवे आवाज आहेत. एक पत्र्यावरचा धारदार 'चिझिट'. तो करड्या धोब्याचा. वरून राखी, पोटाशी पिवळा, शेपटी सतत खालीवर. हिमालयाकडून येतो आणि थंडीभर राहतो. पायात कडी घालून ठेवलेल्या नोंदींवरून माहीत झालं आहे की धोबी हजारो किलोमीटर उडून पुन्हा त्याच जागी येऊ शकतात, म्हणजे आमच्या गच्चीवरचा तो कदाचित गेल्या वर्षीचाच. दुसरा आवाज बांधाजवळच्या गचपणातून येतो, जिभेनं 'चक्' करावं तसा, थांबून थांबून. हा वटवट्या. ब्लिथचा बोरू-वटवट्या असं त्याचं भारदस्त नाव आहे, आणि दिसायला इतका मातकट की बघून कुणी खूश होणार नाही. मुळात दिसतच नाही. पूर्व युरोप ते मध्य आशिया एवढ्या मोठ्या पट्ट्यात त्याचा उन्हाळा जातो आणि एवढा प्रवास करून तो आमच्या बांधावरच्या रानात किडे वेचायला येतो. बांध साफ असेल त्या वर्षी तो 'चक्' ऐकू येत नाही. दुसऱ्याच्या बांधावर जात असेल, तिथं मामा पोचले नसतील तर.

जाणारेही आहेत. सप्टेंबरअखेरीच्या संध्याकाळी शाळेच्या मैदानावर पिवळट चतुरांचे थवे डोक्याच्या उंचीवर घिरट्या घालतात. मुलं त्यांना हेलिकॉप्टर म्हणतात. पावसाच्या डबक्यात अंडी, महिना-दीड महिन्यात पंख, आणि डबकं आटायच्या आत उड्डाण. चार्ल्स अँडरसन हे जीवशास्त्रज्ञ मालदीवमध्ये राहत. जिथं गोड्या पाण्याची तळी नाहीत अशा बेटांवर दर ऑक्टोबरमध्ये हे चतुर लाखांनी कुठून येतात, या प्रश्नाचा त्यांनी पाठपुरावा केला आणि २००९ साली मांडलं की ते भारताकडून येतात आणि परतीच्या वाऱ्यांवर स्वार होऊन समुद्र ओलांडत पूर्व आफ्रिकेकडे जातात. आमच्या मैदानातला अमुक एक चतुर आफ्रिकेला पोचेलच असं कोण सांगणार? पण पोराच्या हातातल्या दोऱ्यातून मी तो सोडवते तेव्हा हे डोक्यात असतं. "अरे, त्याला लांब जायचंय," म्हटलं की पोरं दोरा सोडतात. कुठं, हे मात्र विचारतात, आणि आफ्रिका ऐकल्यावर मी थापा मारते असं ठरवतात.

या सगळ्यावर सासूबाईंचे आक्षेप आहेत आणि त्यातले दोन बिनतोड आहेत. पहिला सापाचा. मागच्या दाराशी घोणस निघालेली त्यांनी पाहिलेली आहे, आणि घोणशीपुढे फुलपाखरांचं कौतुक टिकत नाही. म्हणून दारापासून हौदापर्यंतची वाट आणि घराला लागून हातभर पट्टा आम्ही कायम बोडका ठेवतो. त्यात मी तडजोड करत नाही. दुसरा डासांचा. डेंग्यूचा हंगाम हाच. फुटक्या कुंड्या, करवंट्या, टायर, झाकण उडालेला पिंप, यांना निसर्ग म्हणण्यात अर्थ नाही. ते पाणी ओतून टाकायचंच. परंतु डासांचा दोष गवतावर ढकलून गवत कापायचं आणि करवंटी तशीच ठेवायची, ही आपली नेहमीची रीत आहे.

तिसरा आक्षेप, की लोक काय म्हणतील. त्यावर मी काही बोलत नाही.

आणि गंमत म्हणजे, याच बाई भाद्रपदात वेलावरची सगळ्यात देखणी काकडी हेरतात आणि तिला जुन्या साडीची चिंधी बांधतात. "बियाण्याला ठेवलीय," असा पुकारा होतो. त्या काकडीला मग घरात कुणी हात लावत नाही. ती पिवळी होते, तपकिरी होते, फुगते, कातडीला जाळी पडते, खाली टेकते, आणि ऐन दसऱ्यात अंगणात ती कुरूप वस्तू दिमाखात पडलेली असते. घोसाळ्याचंही एक फळ असंच काडीसारखं वाळतं, भोपळ्याच्या बिया राख लावून डब्यात जातात. चिंधीचा हा कायदा मामाही पाळतात. वेल ओढून काढतील, पण चिंधीवाल्या फळाला वळसा घालतील.

यंदा मी सासूबाईंकडून एक जुनी साडी मागून घेतली. फाडून चिंध्या केल्या आणि सकाळच्या चहाआधी मागे जाऊन बांधत सुटले. खुळखुळ्याला एक, कुर्डूच्या जुडग्याला एक, तेरड्याच्या ओळीला दोन्ही टोकांना, कोळिणीच्या जास्वंदीला, वटवट्याच्या बांधाला तीन. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "सगळ्या परसालाच नेसव की साडी."

मामा आले, विळा खांद्याला अडकवून त्यांनी एक फेरी मारली. खुळखुळ्यापाशी थांबले. "बाई, ह्येचं बी कोन खातंय?"

"कुणी नाही. फुलपाखरं येतात."

त्यांनी वाळकी शेंग कानाशी नेऊन वाजवली, पुन्हा एकदा सगळ्या चिंध्या नजरेनं मोजल्या आणि म्हणाले, "आसं चुकवत चुकवत कापायचं म्हंजे डबल टाइम जातोय. हाजरी पुऱ्या दिसाची घीन."